बक्षीस आधी जाहीर करू नका
खो-खोच्या सरावात रोज जास्त गडी बाद करणाऱ्याला ५० रुपये बक्षीस ठेवले की पोरं जोर लावतील, असं एकानं सुचवलंय. आठवडाभर लावतीलही, पुढं काय? लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३ च्या प्रयोगात चित्रांची आवड असलेल्या ज्या मुलांना प्रमाणपत्राचं आमिष आधीच दाखवलं, ती नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची ओढ मात्र टिकली. धाराशिवकडे खो-खोची ओढ मुळातच आहे, तिला पैशाची सवय लावू नका!

त्यापेक्षा नेमकं सांगा: ‘खो मिळायच्या आधीच उठलास’, ‘सूर मारताना खांबावरची पकड सुटली’. नुसत्या ‘शाब्बास’नं पुढच्या डावात काय बदलायचं ते कळत नाही. शेवटची १० मिनिटं कशाचा सराव करायचा, ते पोरांनाच ठरवू द्या. बक्षीस म्हणून बूट वगैरे द्यायचेच असतील तर आधी न सांगता द्या.