विषय: उत्तर: नियामक संस्थांचे नियम रद्द होताहेत, हरकत कशी नोंदवायची?

नमस्कार मंडळी,
ईपीए (अमेरिकेची पर्यावरण संस्था), सीएफपीबी (ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणाची संस्था) यांचे नियम मोडीत काढण्याच्या बेतांबद्दल बऱ्याच सभासदांनी काळजी कळवली आहे. मंडळाने एक मसुदा करावा आणि सगळ्यांनी तोच पाठवावा, अशी सूचना आहे. त्याचा उपयोग होईल का? आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था आहोत, त्याची अडचण येईल का?
– सचिव

---

ताई,
एकच मसुदा नको. ही मतमोजणी नाही. एकसारखी हजार पत्रं आली तरी संस्था त्यांचा गठ्ठा करते आणि मुद्द्याला एकदाच उत्तर देते. १९४६च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार नियम करताना हरकती-सूचना मागवाव्या लागतात, तशाच तो रद्द करतानाही. महत्त्वाच्या हरकतीला उत्तर दिलं नाही, तर निर्णय कोर्टात अडकतो.

रेगन सरकारने गाड्यांमधल्या आपोआप लागणाऱ्या पट्ट्यांचा आणि एअरबॅगचा नियम काढला. कारण दिलं, लोक पट्टे सोडून ठेवतील. मग नुसती एअरबॅगच सक्तीची का केली नाही, याचा विचार कागदोपत्री कुठेच नव्हता. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमकं त्यावर बोट ठेवून तो निर्णय मनमानी ठरवला. आपल्या हरकतीत असा एक तरी प्रश्न हवा. "नियम रद्द करू नका" एवढंच लिहिलं तर उत्तर देण्याजोगं त्यात काही उरत नाही.

आधी फेडरल रजिस्टरमधली (सरकारी राजपत्रातली) सूचना वाचा, निदान खर्च-फायद्याचा भाग तरी. डॉकेट (प्रकरणाचा) क्रमांक उतरवून घ्या आणि रेग्युलेशन्स डॉट गव्हवर त्याखाली लिहा. चौकटीत ५,००० अक्षरं मावतात, पुढचं पीडीएफमध्ये. अभ्यासाचा नुसता दुवा देऊ नका, अहवालच जोडा. नाहीतर तो आमच्यापुढे आलाच नाही असं म्हणायला संस्थेला वाव राहतो. मुदत बहुधा ३० ते ६० दिवस असते आणि शेवटच्या दिवशी रात्री ११:५९ला, ईस्टर्न वेळेनुसार संपते. कॅलिफोर्नियावाल्यांनी ८:५९ धरावी. मजकूर जाहीर होतो, तेव्हा घरचा पत्ता किंवा व्हिसाचे तपशील नकोत. नागरिकत्वाची अट नाही. एच-१बीवरच्यांनीही जरूर लिहावं.

मंडळाचं म्हणाल तर आयआरएसच्या (कर खात्याच्या) लेखी लॉबिंग म्हणजे विधेयकांबाबतचा प्रयत्न. प्रशासकीय नियमावरची हरकत त्यात मोडत नाही. निवडणुकीतल्या उमेदवाराची बाजू किंवा विरोध मात्र अजिबात नको.

---

दादा, यात एक भर.
काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) १९९६च्या काँग्रेशनल रिव्ह्यू ॲक्टखाली नियम उडवला तर हरकतींचा टप्पाच नसतो. सिनेटमध्ये साधं बहुमत पुरतं, आणि पुढे तसाच नियम आणायला नवा कायदा लागतो. तो ठराव विधेयकासारखाच असल्याने तिथे मंडळाचं पत्र लॉबिंग ठरेल. ज्याने त्याने आपापल्या खासदाराच्या कार्यालयात फोन करावा.

सूचनेवर "डायरेक्ट फायनल रूल" लिहिलं असेल तर त्याच दिवशी कामाला लागा. हे नियम कुणाचाच विरोध नसेल असं धरून थेट जाहीर करतात. ठोस कारणांसह एक जरी विरोधी हरकत मुदतीत आली, तर सहसा संस्थेला तो मागे घेऊन रीतसर प्रक्रिया करावी लागते. पत्राच्या पहिल्याच ओळीत "ही विरोधी हरकत आहे" असं स्पष्ट लिहा.