प्रोजेक्टचा विषय 'नवीन'च कशाला हवा?

अर्धविराम
परवा एका सज्जनांनी कॉम्प्युटरच्या मुलांना सल्ला दिला: स्वतंत्र प्रोजेक्ट घ्यायचा तर आधी जगात कुणी केलेला नसावा, समाजाचा प्रश्न सुटावा आणि एआय असावं, नाहीतर वेळ वाया. खाली 'अगदी खरं'ची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अहो, जगात कुणी केलेलं नाही हे विशीतल्या पोराला कळणार कसं? १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस तोरवाल्ड्सनं लिनक्स केलं, त्यात नवीन काय होतं? युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होतीच, शिकवण्यासाठी केलेलं मिनिक्सही होतं. त्याला आपल्या ३८६ चिपच्या पीसीवर तसलंच काहीतरी हवं होतं. जाहीर करतानाही 'हा नुसता छंद आहे' असंच लिहिलं त्यानं.

माझं म्हणणं एवढंच, की आपलं चुकलं तर आपल्यालाच कळेल असा विषय घ्या. हफमन कॉम्प्रेशन लिहा, म्हणजे जास्त वेळा येणाऱ्या अक्षरांना छोटे कोड देऊन फाइल लहान करणं. फाइल दाबली, परत उलगडली, बाइट न् बाइट जुळला तर बरोबर. एक हुकला तर चूक. तिथं थापा चालत नाहीत. 'समाजोपयोगी एआय'मध्ये ९४ टक्के अचूकता आली म्हणजे नक्की काय आलं, हे सादर करणाऱ्यालाही माहीत नसतं.

चौथी मिती
ते सज्जन मीच. नाव घ्यायला घाबरलात का?

मी मुलाखती घेतो. रेझ्युमे उघडला की तेच: टू-डू यादी, टायटॅनिक बुडाली तेव्हा कुणाचा जीव वाचला याचा अंदाज, एमनिस्ट या हस्तलिखित आकड्यांच्या चित्रसंग्रहातले आकडे ओळखणं. एमनिस्टमधल्या ७०,००० चित्रांपैकी १०,००० बाजूला का ठेवतात विचारलं की उमेदवार छताकडे बघतो. तुमच्या 'केलेलंच करा'ची ही फळं.

आणि उदाहरण हफमनचं देता? त्याचे प्राध्यापक फानो यांनी वर्गाला परीक्षा द्या नाहीतर निबंध लिहा असा पर्याय दिला, हफमननं निबंध घेतला, आणि खुद्द फानोंना न सुटलेलं कोडं सोडवलं. १९५२ मध्ये छापून आलं. त्यानंही दुसऱ्याचंच गिरवलं असतं तर आज तुम्ही कशानं फाइल दाबली असती?

अर्धविराम
टोला बसला, मान्य. पण विषय फानोंनी हातात दिला होता. 'नवीन काय करू' म्हणत हफमन महिनाभर फिरला नव्हता. आणि छताकडे बघणाऱ्यानं प्रोजेक्ट केलेलाच नसतो, उतरवलेला असतो. त्यात विषयाचा काय दोष?

एकटाच_राबतो
विषय कुठलाही घ्या हो, चौघांच्या ग्रूपमध्ये काम एकच जण करतो. कोडमधले बदल कुणी केले याची नोंद ठेवणाऱ्या आमच्या गिटमध्ये दोघांच्या कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, शून्य. तिसऱ्याची एक, तीही शेवटच्या रात्री रीडमी या माहितीच्या फाइलीत स्वतःचं नाव घालायला. मार्क चौघांना सारखे. यावर कुणीच का बोलत नाही?

रफार
कारण धागा त्यावर नाही.

मी टेक्स्ट एडिटर लिहिला होता. गाईड म्हणाले, 'जगात एडिटर कमी आहेत का?' आधी सगळा मजकूर एका अॅरेत, म्हणजे ओळीनं मांडलेल्या घरांत, ठेवला. मोठ्या फाइलच्या सुरुवातीला एक अक्षर घातलं की पुढचं सगळं एकेक घर सरकायचं, कळ दाबल्यावर अक्षर सावकाश उगवायचं. मग गॅप बफर केला, म्हणजे कर्सरपाशीच मोकळी जागा राखली. झालं म्हणून खूश होऊन मराठी टाइप केलं. 'क्षि' लिहून बॅकस्पेस मारला तर पडद्यावर काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह! क, हलन्त, ष, वेलांटी: चार कोडपॉइंट (युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या मानकातले चिन्हांचे क्रमांक), ते साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत बारा बाइट, आणि मी त्यातला शेवटचा एक बाइट उडवत होते. पंधरा दिवस गेले त्यात. शेवटी आख्खं 'क्षि' एकदम जाईल असं केलं. एवढं मला कुठल्याच पेपरानं शिकवलं नाही.

खडूस
आख्खं 'क्षि'?? तुमचा एडिटर वापरायची वेळ माझ्यावर आली नाही, देवाची कृपा. 'क्षीण' लिहिताना वेलांटी ऱ्हस्व पडली तर मी सगळं जोडाक्षर परत बडवू? बॅकस्पेसनं फक्त वेलांटी जायला हवी.

रफार
वाचणाऱ्याला अक्षर एकच दिसतं. दिसतं ते एक, मग जाईल तेही एकच.

खडूस
वाचणारा बॅकस्पेस मारत नाही हो ताई, लिहिणारा मारतो! बहुतेक ठिकाणी बॅकस्पेस शेवटचा कोडपॉइंट काढतो आणि डिलीट पुढचं आख्खं अक्षर. उगाच नाही तसं.

एकटाच_राबतो
आख्खं अक्षर म्हणजे किती, तेच आधी ठरवा. २०२३ च्या १५.१ आवृत्तीपर्यंत युनिकोडचा ठरीव नियम 'क्' आणि 'षि' असे दोन तुकडे धरायचा. जोडाक्षर एकसंध धरायला लागले ते तेव्हापासून.

रफार
म्हणजे मी युनिकोडच्याही आधी बरोबर होते. धन्यवाद.

खडूस
तो नियम अक्षराची हद्द ठरवतो, बॅकस्पेसनं काय करावं ते नाही! वाचता येतं ना?

रफार
वाचता येतं. लिहिताही येतं, आणि माझी वेलांटी पहिल्या फटक्यात बरोबर पडते.

चौथी मिती
धागा प्रोजेक्टच्या विषयाचा होता, आठवतंय का कुणाला?

असो. रफारताई, एका कळीवर इतकं भांडणारा उमेदवार माझ्यासमोर अजून आलेला नाही. आला तर घेईन. एडिटर हा जुनापुराणा विषय आहे, तरीही घेईन. झालं समाधान?

अर्धविराम
तारखेसकट जपून ठेवतो.

चौथी मिती
ठेवा. टू-डू यादीवाल्याला मात्र घेणार नाही.

तिसरं_वर्ष
सर, मॅडम, मला सोमवारी विषय द्यायचाय. गाईड म्हणतात नावात एआय नसेल तर फॉर्म परत येईल. मला वर चाललेलं बॅकस्पेसचं करावंसं वाटतंय. दोन्ही पद्धती लिहून, लोकांना टाइप करायला देऊन, कुणाच्या किती कळा जास्त पडतात ते मोजायचं. एवढ्यात प्रोजेक्ट होतो का?

रफार
होतो. इनस्क्रिप्ट (कळ म्हणजे थेट मराठी अक्षर) आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांनी उच्चार) हे कीबोर्ड वेगवेगळे मोज, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. फॉर्मवर काय लिहायचं ते चौथी मितींना विचार, एआय कुठं चिकटवायचं हे त्यांना चांगलं जमतं.

खडूस
मोज, मोज. वेलांटीच जिंकणार.