मदत हवी आहे: रानात वापरायला आणि जपून ठेवायला मोठा सुरा, विकत घेऊ की लोहाराकडून घडवून घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी यावल तालुक्यातला, केळीवाला. शेतातून सवड मिळाली की आम्ही चार-पाच जण सातपुड्यात जातो. कधी मनुदेवी, कधी पालच्या पुढे, एकदा तोरणमाळला दोन मुक्काम केले. मला एक मोठा सुरा घ्यायचा आहे. घडीचा नको, पातं मुठीत कायमचं बसवलेला हवा. वाळलेला बांबू फोडणं, चुलीसाठी ढलप्या काढणं, शेताच्या बांधावरची घाणेरी छाटणं, ही त्याची कामं. आणि वस्तू अशी हवी की पुढे पोरानं हातात घेऊन "हा पप्पांचा सुरा" म्हणावं. दोन महिने वाचतोय, विचारतोय, तरी निर्णय होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी फसलो कसा ते सांगतो. मागच्या हिवाळ्यात ऑनलाइन एक सुरा घेतला होता. १० इंची पातं, पाठीवर करवतीचे दाते, मूठ पोकळ आणि तिच्या टोपणात होकायंत्र. फोटोत फार रुबाबदार दिसत होता. शेतात भरीत पार्टी होती, वांगी भाजायला कपाशीच्या काड्या होत्या, पण पुऱ्यांच्या चुलीला लाकूड कमी पडलं. वाळलेल्या बांबूवर सुरा ठेवून पाठीवर लाकडी दांडक्यानं ठोकत होतो. चौथ्या ठोक्याला पातं मुठीतून निखळलं आणि समोर बसलेल्या चुलत भावाच्या गुडघ्याजवळून बांधात जाऊन रुतलं. वीतभर अंतर होतं. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. मूठ उघडून पाहिली तर पातं आत जेमतेम दीड इंच गेलेलं आणि पुढे करंगळीहून बारीक सळई डागलेली. विकणाऱ्यानं परत घ्यायला नकार दिला.

त्यानंतर एवढं समजलं की मोठ्या सुऱ्यात लांबी नंतर, आधी मूठ बघायची. पातं मुठीच्या शेवटापर्यंत, मुठीच्याच रुंदीनं गेलेलं हवं (फुल टँग म्हणतात ते), आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या रिव्हेटनं बसवलेल्या. आतलं पोलाद अरुंद असलेले चांगले सुरेही असतात. स्वीडनचे मोरा त्यातलेच. पण ते चार इंची, कापायच्या कामाचे. ठोकून लाकूड फोडायला ते घेऊ नयेत.

आता माझ्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे का-बार. १९४२ मध्ये अमेरिकेच्या मरीन सैनिकांसाठी आलेला सुरा, पातं ७ इंच, कार्बन पोलाद. संग्रहात असावाच असं वाटतं. पण त्याचंही पोलाद मुठीत अरुंदच आहे, आणि घाणेरीच्या जाळीत तो हलका पडेल अशी शंका येते.

दुसरी म्हणजे आमच्या गावातले लोहारबाबा. सत्तरीचे आहेत, आमच्या घरचे विळे, कोयते, कुऱ्हाडी सगळं त्यांच्याच ऐरणीवरचं. ट्रकच्या जुन्या पाट्यापासून (चाकावरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी) सुरा करून देईन म्हणाले. मी १२ इंच म्हटलं तर त्यांनी हातातला घण खाली ठेवला. "भाऊ, पाटा मी देतो, पन काम काय ते तू सांग. लांबी मंग मी सांगतो." मला तिथे उत्तर देता आलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

कोयता आहेच की, असं कोणी म्हणेल. आहे, पण त्याचं वळलेलं टोक पाठपिशवीत बसत नाही, आणि बारीक काम, म्हणजे खुंटी तासणं, दोरी कापणं, त्यानं धड होत नाही.

पोलादाबद्दल वाचलं ते असं. स्टेनलेस गंजत नाही, पण स्वस्तातलं असेल तर धार लवकर जाते. डी-२ नावाचं पोलाद धार खूप टिकवतं, पण ठोकाठोकीत धारेचे कपचे उडू शकतात. साधं कार्बन पोलाद मार सोसतं, घरच्या सहाणेवर धार लागते, मात्र पुसून तेल लावलं नाही तर आमच्या पावसाळ्यात रात्रीतून तांबूस होतं. केळीचा चीक लागला तर काळं पडतं ते वेगळंच. माझा कल कार्बनकडेच आहे. काळं पडलेलं पातं मला आवडतं, विळ्याला असतं तसं.

विचारायचं ते हे:

लांबी किती असावी? ८, १० की १२ इंच? जाडी ५ मिमी पुरे का?

जुना पाटा खरंच चांगला का? लोहारबाबा पाणी (म्हणजे लाल तापलेलं पातं एकदम बुडवून कडक करणं) पाण्यातच देतात, आणि बरेच जण तेलात द्या म्हणतात.

आणि एक वेगळाच प्रश्न. आजोबांचे चुलत भाऊ फौजेत होते, त्यांची खुकरी आमच्या पेटीत निघाली आहे. म्यानात दोन बारक्या सुऱ्याही आहेत, एक धारेची, एक बोथट. पातं काळपट, दोन ठिकाणी तांबडे डाग. आई म्हणते चिंच आणि राख लावून लख्ख करते. करू द्यावं का? माझा संग्रह खरा तिथूनच सुरू होतो.

खर्च ५-६ हजारांपर्यंत करू शकतो.

प्रतिसाद, शिरपूरकडून

दादा, आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम, म्हणून लिहितो.

पाटा चांगलाच. त्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो, सोबत थोडं क्रोमियम किंवा मँगनीज, आणि ते मार सोसायलाच बनवलेलं असतं. पण जुन्या पाट्याचा दोष डोळ्यांना दिसत नाही. लाखो हेलकावे खाल्ल्यावर त्यात केसासारख्या बारीक चिरा पडतात. तुम्ही महिनाभरानं बांबूवर ठोकाल आणि सुरा तिथेच तुटेल. पाटे तयार करणाऱ्या दुकानात न वापरलेल्या पट्टीचा तुकडा मागा. फार महाग नसतो. तोच बाबांना नेऊन द्या.

पाणी तेलातच द्यायला सांगा. विळा पातळ असतो आणि बाबा फक्त धारेला पाणी देतात, म्हणून त्यांचं पाण्यात जमतं. पाच मिमीचं सबंध पातं पाण्यात बुडवलं तर टचकन आवाज येतो आणि चीर जाते. मी स्वतः दोन घालवलेत. कोमट तेल, आणि त्याआधी लोहचुंबक लावून बघायचं. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला धरत नाही. त्याच्या थोडं वर नेऊन तेलात. थंड झाल्यावर कानस फिरवा. कानस घसरली तर पाणी बसलं, कानसेनं पोलाद खाल्लं तर नाही.

इथेच काम संपलं असं समजू नका. तेलातून निघालेलं पातं काचेसारखं असतं, हातातून फरशीवर पडलं तरी तुटेल. ते लगेच परत मंद तापवायचं, २०० अंशांच्या जरा वर, तासभर, दोनदा. रंग गवती पिवळा यायला हवा. ठोकायच्या सुऱ्याची कठीणता रॉकवेल या मापावर ५५ ते ५८ मध्ये बरी. त्याहून कडक केला की कपचे उडतात. आणि नंतर ग्राइंडरनं धार काढताना पातं निळं पडू देऊ नका. निळं झालं की तेवढ्या जागेचं पाणी उतरलं.

लांबी ८ इंच, जाडी ५ मिमी, पोट टोकाकडे थोडं भरीव, म्हणजे वजन पुढे राहतं आणि घाव बसतो. १२ इंच घेतला तर तो कोयताच झाला, बारीक कामाला हातात राहणार नाही. मुठीला जुन्या बैलगाडीचं अंजनाचं लाकूड मिळालं तर बघा. जड असतं, पण झिजत नाही.

प्रतिसाद, धुळ्याहून

भाऊ, लांबीचं कायद्याच्या बाजूनंही बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या २०१६ च्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे हत्यारांच्या यादीत आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत, म्हणून तुमच्या कोयत्याला कोणी काही म्हणत नाही. खुकरीचा मात्र त्या यादीत नावानिशी उल्लेख आहे. तिचं पातं मोजा, आणि ९ इंचांवर भरलं तर पोलीस ठाण्यात जाऊन विचारून घ्या. जपायची वस्तू आहे, तिच्यावर बालंट नको. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे हत्यारबंदीचे आदेश निघतात, तेव्हा सुरा घेऊन बाहेर पडायचंच नाही. दुधारी पातं तर करूच नका.

याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही यावल अभयारण्याच्या बाजूला फिरता. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, कलम ३१: अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत सुराही येतो. अनेर आणि पाटणादेवीकडच्या गौताळा अभयारण्यालाही तेच लागू. तिथे लाकूड तोडायचं नसतंच, मग सुऱ्याचं काम काय? चूल शेतात पेटवा.

खुकरीला चिंच लावू नका. आईंना माझा नमस्कार सांगा, पण लावू देऊ नका. तो काळपटपणा पात्याचं वय आहे, घासला की पुन्हा येत नाही आणि संग्राहकाच्या लेखी किंमत जाते. तांबडे डाग तेवढे शिलाई मशीनच्या तेलात मऊ कापड भिजवून हळूहळू काढा. म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार पोलादाला लागतात. कापडात वेगळी ठेवा. बोथट सुरी म्हणजे चकमक, धार सारखी करायला आणि ठिणगी पाडायला. धारेची म्हणजे कर्दा. दोन्ही सोबत असणं नशिबाचं, बऱ्याचदा हरवलेल्या असतात.

धागाकर्ता

शिरपूरचे दादा, धुळ्याचे भाऊ, दोघांचेही मनापासून आभार. अभयारण्याचं मला खरंच माहीत नव्हतं. पालला जाताना तो तुटका सुरा दोनदा पिशवीत होता, हे आठवून काल झोप लागली नाही.

खुकरी मोजली. पातं साडेदहा इंच भरलं. सोमवारी ठाण्यात जाऊन विचारणार आहे. आईनं चिंच भिजत घातली होती, ती आमटीत गेली.

का-बार सध्या राहू दे. भुसावळहून न वापरलेल्या पट्टीचा तुकडा आणला आणि लोहारबाबांकडे गेलो. यावेळी आधी काम सांगितलं: बांधावरची घाणेरी, बांबू, शेतातली चूल. ते म्हणाले, "मंग आठ इंच." तेलाचं सांगितल्यावर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, तेल तू आन, पन तापवनं मी बघीन. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीया) ये म्हणालेत.

दादा, एकच विचारतो. ते दोनदा मंद तापवणं भट्टीत सांभाळणं बाबांना अवघड वाटतंय. घरी केकची ओटीजी आहे, २३० पर्यंत जाते. पातं तिरकं ठेवलं तर बसतं. त्यात चालेल का?

प्रतिसाद, शिरपूरकडून

चालेल, उलट भट्टीपेक्षा बरं. पण ओटीजीचा काटा खोटं बोलतो, आत ओव्हनचा थर्मामीटर ठेवा. २०० ते २१० वर तासभर, बाहेर काढून पूर्ण गार, मग पुन्हा तासभर. तेलातून काढल्यावर त्याच दिवशी करा, उद्यावर टाकू नका. आणि पात्याचं तेल आधी साबणानं धुवून पूर्ण पुसा, नाहीतर घरभर धूर होईल आणि वहिनी ओटीजीला परत हात लावू देणार नाहीत.