'घरी बोली बंद करा' : हा सल्ला नेमका कोणाच्या सोयीचा?

गाविलगड:
वाणीउपचार करणाऱ्या एका ताईंची पोस्ट तीन ग्रुपांवरून फिरत माझ्यापर्यंत आली. मेळघाटात शिबिराला गेल्या होत्या. अंगणवाडीतली बहुतेक मुलं म्हणे 'बोलण्यात मागे' निघाली. उपाय काय, तर 'पालकांनी घरी बोली बंद करून शुद्ध मराठी बोलावं.' खाली बदामांचा पाऊस. डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

अशाच एका शिबिरात मी दुभाष्या म्हणून बसलो होतो. चार वर्षांची पोर, समोर कुत्र्याचं कार्ड. पोर म्हणाली, 'सिता.' तपासणाऱ्या बाईंनी फुली मारली, वर शेरा : 'असंबद्ध उत्तर.' अहो, कोरकूत, म्हणजे मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत, कुत्र्याला सिताच म्हणतात! पुढची कार्डं लिफ्ट, केक, पियानो. पोर गप्प. बाहेर आल्यावर मला विचारते, कार्ड त्यांच्याच हातात होतं, मग त्यांना दिसत नव्हतं का?

'आई आला' म्हटलं की व्याकरण कच्चं. कोरकूत सजीव-निर्जीव असा भेद आहे, स्त्रीलिंग-पुल्लिंग असा नाही. वचनं मात्र तीन : एक, दोन आणि अनेक. मराठीत द्विवचन नाही म्हणून आपल्याला कोणी उपचाराला पाठवतं का?

2011च्या जनगणनेत सव्वासात लाख लोकांनी कोरकू ही आपली भाषा सांगितली आहे. 'बोली' म्हणून उडवून लावू नका.

थेरपीचं_टेबल:
ती पोस्ट माझी नाही, पण व्यवसाय माझा आहे, म्हणून बोलते. शिबिरात दिवसाला किती मुलं बघतो माहितीये? दुभाष्या मिळाला तर नशीब. कोरकूत कोणत्या वयाला मूल किती बोलतं, याचं तयार मोजमाप माझ्या हाती कोणी दिलेलं नाही. मराठीचं जे वापरतो तेही शहरातल्या पोरांवरून बेतलेलं. मग काय करू, हात जोडून परत येऊ?

आणि तुमच्या 'संस्कृती संस्कृती'ची दुसरी बाजू ऐका. माझ्याकडे एक मुलगा सहाव्या वर्षी आला. तोवर सगळे म्हणत होते, लाजाळू आहे, मामाही उशिराच बोलला, शिवाय घरची भाषा वेगळी. पोराला ऐकूच येत नव्हतं! भाषा शिकायची सोन्यासारखी वर्षं गेली. त्याचा शेरा कोणावर मारायचा?

खानदेशी_ठसका:
त्या पोस्टीतलं 'शुद्ध मराठी' कोणाला खटकलं नाही? मी अहिराणी घरातला. चौथीत 'पानी' म्हणालो म्हणून गुरुजींनी वर्गासमोर पन्नास वेळा 'पाणी' म्हणायला लावलं. त्या वर्षी मी शाळेत पाणी मागितलंच नाही. घरी जाऊन प्यायचो.

सदाशिव४११०३०:
वाईट झालं, पण म्हणून ण-न सगळं चालतं म्हणायचं? प्रमाणभाषा नावाची काही गोष्ट असते की नाही? मुलाखतीत 'पानी' म्हणालात तर नोकरी कोण देईल?

खानदेशी_ठसका:
दिली हो. वीस वर्षं झाली. शेजारच्या टेबलावरचे साहेब 'ज्ञ'चा उच्चार रोज वेगळा करतात, त्यांना कोणी उपचाराला पाठवलेलं नाही.

सदाशिव४११०३०:
वैयक्तिक टोमणे नकोत. आणि 'ज्ञ'चा मुद्दा वेगळा आहे. मूळ उच्चार...

वऱ्हाडी_ठेचा:
झालं, आता दोन पानं 'ज्ञ'वर. आमच्याकडं 'कायले' म्हटलं तरी हसतात लोक. पोरगं बोलत नाही म्हणता, अन् तोंड उघडलं की हसता!

जुना_डहाणूकर:
ण-न सोडा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली आमच्या डहाणूकडच्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या आदिवासी भागात नेलं. शिंपले, बिया, पानं हेच शैक्षणिक साहित्य. मुलं शाळेत आली नाहीत तर गुरं राखतात तिथं कुरणशाळा. इतक्या वर्षांनी आपण आदिवासी पोराला पियानो दाखवतोय.

गाविलगड:
@थेरपीचं_टेबल, बहिऱ्या मुलाचा मुद्दा मान्य. पण त्याला पकडायचंच असेल तर आधी कान तपासा आणि घरच्या भाषेत चौकशी करा. खरा दोष असेल तर तो घरच्या भाषेतही दिसतो, आजी सांगते की याच्या भावंडांसारखा हा नाही. मुलाला येणारे शब्द दोन्ही भाषांतले मिळून मोजा. एखादा नवा शब्द शिकवून बघा, किती लवकर उचलतो ते. मराठी येत नाही हा आजार नाही. आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याबद्दलचं घटनेतलं कलम 350क, शिक्षण हक्क कायद्यातलं मातृभाषेचं कलम, सगळं आहे की. कायद्यात फक्त 'शक्य तेथवर' असं शेपूट आहे, आणि सगळे त्या शेपटावर बसलेत. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये गोंडीत शाळा काढली, तर तिला मान्यतेसाठी झगडावं लागलं.

कोरो_माणूस:
मी स्वतः कोरकू. तुम्ही सगळे आमच्याबद्दल छान बोलताय, धन्यवाद. मला पोराला मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकवायचंय. तालुक्याच्या दवाखान्यात, बँकेत कोरकू चालत नाही. आमचं म्युझियम करू नका.

आता दुसरं. थोरल्याच्या वेळी मलाही एकानं हाच सल्ला दिला होता. घरात कोरकू बंद केली. बायकोची मराठी तोडकी, म्हणून ती पोराशी बोलायचीच कमी झाली. जेव, झोप, इकडे ये, संपलं. वर्षभरानं पोरगा आणखी गप्प. गोष्टी सांगणारी त्याची आजी होती, तिचं त्याला समजेना. धाकट्याच्या वेळी कोणाचं ऐकलं नाही. तो दोन्ही बोलतो, जरा जास्तच बोलतो.

थेरपीचं_टेबल:
बरं. 'घरची भाषा बंद करा' हे चुकीचंच आहे, आम्हाला शिकवतानाही तसं शिकवत नाहीत. 'सिता'चा शेराही चुकीचा. झालं समाधान? आता आयत्या कार्डांवर हसण्यापेक्षा कोणीतरी शंभर शब्द लिहून द्या, चित्रं मी काढून घेते. मोहाचं फूल घेऊ का पहिलं?

कोरो_माणूस:
घ्या. पण झाडावरचं काढू नका. पहाटे जमिनीवर पडलेलं काढा, शेजारी टोपली. झाडावरचं पोरं ओळखणार नाहीत, तिकडं बघतं कोण?

थेरपीचं_टेबल:
हे मला सुचलं नसतं. इनबॉक्स करते.

खानदेशी_ठसका:
आमच्या कार्डावर 'पानी' छापाल ना ताई?

सदाशिव४११०३०:
नाही.