कागद घरी काढा, पुट्टीला माणूस लावा

वॉलपेपर काढणं आणि रंग, दोन्ही कामं रंगाऱ्याला द्यावीत की घरीच करावीत, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. माझ्या मते कागद काढणं वेळखाऊ आहे, अवघड नाही. ते घरी होतं. पुट्टीला, म्हणजे भिंत गुळगुळीत करणाऱ्या लेपाला, मात्र बसलेला हात लागतो.

आधी एक कोपरा उचकटून बघा. व्हिनाइलच्या (प्लॅस्टिकसारख्या) वॉलपेपरचा वरचा थर बहुधा कोरडाच सोलून येतो, मागचा कागद भिंतीवर राहतो. खोलीची वीज बंद करून त्यावर कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब फवारा, 10-15 मिनिटं मुरू द्या. स्क्रेपर भिंतीलगत आडवा सरकवा. उभा धरलात की प्लास्टर खरवडतं. प्लास्टरऐवजी जिप्सम बोर्ड (दोन्ही बाजूंनी कागद लावलेला फळा) असेल तर पाणी बेतानंच, त्याचा स्वतःचा कागद फुगतो.

खरी गोची कागद चिकटवलेल्या खळीची. ओला हात फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर स्पंजानं पुन्हा धुवा. राहिलेली खळ पाण्याच्या प्राइमरनं (रंगाआधीच्या अस्तरानं) परत ओली होते, मग रंगाला बारीक भेगा पडतात, पापुद्रे सुटतात. शंका असेल तर ऑइल प्राइमरच मारा, पण भिंत पूर्ण वाळल्यावर.

कागदावर आधीच रंग मारलेला असेल तर पाणी आत शिरत नाही; तिथे सरळ माणूस लावा. खळ धुणं, पुट्टीचे हात, रंगाचे हात हे सगळं दरात वेगवेगळं लिहून घ्या. नाहीतर "कागदावरूनच मारतो की" हे रंगाऱ्याकडून ऐकायची तयारी ठेवा!