खेळातील मंत्रविद्या: धर्मपरंपरांतून नेमके काय घ्यावे?

पटावरचा

नमस्कार. फासे, कागद आणि एक कथनकार एवढ्यावर खेळता येईल असा एक भूमिका-खेळ आम्ही पाच जण गेल्या दीड वर्षापासून रचत आहोत. त्यातील राज्य काल्पनिक आहे. मात्र तिथली मंत्रविद्या युरोपातील किल्ल्यांकडून आणि उंच टोप्या घालणाऱ्या जादूगारांकडून उसनी न आणता आपल्या ओळखीच्या धर्मपरंपरांमधून उभी करायची, हे पहिल्या दिवशीच ठरले होते. त्यानुसार आम्ही प्रत्येक पात्राला 'मंत्रबळ' या नावाचे वीस गुण दिले, आग्नेयास्त्राला चार, वारुणास्त्राला तीन, अदृश्य होण्याला सहा असे दर लावले आणि रात्रीची झोप झाली की सगळे गुण परत मिळतील असा नियम केला. तिसऱ्या चाचणीच्या वेळी एका खेळाडूने पत्रक खाली ठेवून विचारले, "हा नेहमीचाच आगीचा गोळा आहे ना, फक्त संस्कृत नावाचा?" त्याला देण्याजोगे उत्तर आमच्यापैकी एकाकडेही नव्हते.

तेव्हापासून काम अडले आहे. देवदेवतांना प्रत्यक्ष पटावर आणावे, तर आमच्याच गटात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती आणि बौद्ध घरांतील माणसे आहेत. त्यांतील दोघे रोज मनापासून उपासना करतात आणि खेळून घरी जाताना त्यांना संकोच वाटावा असे काही आम्हाला करायचे नाही. परंपरेतून खेळाच्या नियमांसाठी काय उचलावे आणि काय जिथल्या तिथे राहू द्यावे, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

अनुष्टुभ

आपल्या खेळाडूचा आक्षेप रास्त आहे. दोष त्या वीस गुणांत आहे. अस्त्रांच्या कथांमध्ये शक्ती किती शिल्लक आहे, हा प्रश्न सहसा येतच नाही. अस्त्र कोणाकडून मिळाले, कोणत्या अटीवर मिळाले आणि सोडल्यावर ते परत घेता येते का, यांवर सगळी कथा फिरते. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्राची योजना करतो, अर्जुन त्याच अस्त्राने उत्तर देतो, मध्ये व्यास आणि नारद उभे राहतात, आणि मग अर्जुनाला आपले अस्त्र आवरता येते, पण अश्वत्थाम्याला येत नाही. त्यामुळे ते पांडवस्त्रियांच्या गर्भांकडे वळवले जाते. जिथे एक ब्रह्मशिर दुसऱ्याने निष्प्रभ केले जाते त्या प्रदेशात बारा वर्षे पाऊस पडत नाही, असेही तिथे सांगितले आहे. सोडणे ही एक विद्या, आवरणे ही वेगळी विद्या, आणि किंमत तिसऱ्याच माणसाने मोजायची: एवढे तीन नियम घेतले तरी आपले आग्नेयास्त्र आगीचा गोळा राहणार नाही.

दुसरे उदाहरण अगदी घरातले आहे. आपल्यापैकी अनेकांनी संध्याकाळी दिवा लागल्यावर रामरक्षा म्हटली असेल, पण तिच्या सुरुवातीचा विनियोग आपण बहुधा भरभर म्हणून मोकळे होतो. ऋषी बुधकौशिक, देवता सीतारामचंद्र, छंद अनुष्टुप, शक्ती सीता, कीलक हनुमान: मंत्र कोणाला स्फुरला, कोणाला उद्देशून आहे, कोणत्या मापात बांधला आहे, तो कशाने चालतो आणि त्याची खीळ कुठे आहे, हे सगळे वापरण्याआधीच सांगून टाकलेले असते. खेळातील प्रत्येक मंत्राचे पत्रक असे पाच ओळींचे करून पाहा. एखाद्या मंत्राची खीळ शत्रूच्या हाती लागली, एवढ्यावर एक अख्खे प्रकरण उभे राहते.

त्यापुढे कवच येते, आणि मला विचाराल तर खरा खजिना तिथे आहे. 'कौसल्येयो दृशौ पातु', 'भुजौ भग्नेशकार्मुकः', 'जानुनी सेतुकृत् पातु': डोळ्यांचे रक्षण कौसल्येच्या पुत्राने करायचे, दंडांचे शिवधनुष्य मोडणाऱ्याने, गुडघ्यांचे सेतू बांधणाऱ्याने. म्हणजे चिलखताचा प्रत्येक तुकडा हे एक बिरूद आहे आणि बहुतेक बिरुदांमागे एखादे नाते किंवा एखादी कृती आहे. आपल्या खेळात पात्राने खरोखर पूल बांधला, तरच त्याला गुडघ्याचे कवच मिळावे. दुकानातून विकत घेतलेल्या चिलखतापेक्षा हे खेळाडूंच्या अधिक लक्षात राहील.

मंत्र चुकण्याचीही सोय परंपरेत आहे. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. पण 'इंद्रशत्रु' या शब्दाचा स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला आणि इंद्र ज्याला मारील असा वृत्र जन्माला आला. पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथातही हा दाखला आहे. आपल्याकडे फाशावर वाईट दान पडले की मंत्र नुसता फुकट जातो. त्याऐवजी तो व्याकरणदृष्ट्या अचूक, पण नको त्या अर्थाने फळाला आला, तर मजा निराळी. (समासाचा विग्रह शाळेत शिकताना त्याचा असा उपयोग कोणी सांगितला असता, तर माझे गुण वाढले असते.)

कळफलक

मी व्यवसायाने संगणकीय खेळ बनवतो, म्हणून थोडे व्यवहाराच्या बाजूने लिहितो.

खेळांतील जी निळी पट्टी आपण 'मंत्रबळ' म्हणून घेतलीत, तीही मुळात एका धर्मकल्पनेचीच उचल आहे. 'मना' हा शब्द पॅसिफिक बेटांवरचा. कॉड्रिंग्टन या मिशनऱ्याने १८९१ साली मेलानेशियावरील आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले, लॅरी निव्हन या अमेरिकी लेखकाने १९६९ च्या एका कथेत त्याला संपून जाणाऱ्या इंधनाचे रूप दिले, आणि पुढे तो खेळांमध्ये स्थिरावला. माओरी समाजात मना माणसाच्या प्रतिष्ठेशी, अधिकाराशी आणि तपूच्या, म्हणजे पवित्र म्हणून वर्ज्य ठरवलेल्या गोष्टींच्या, निर्बंधांशी जोडलेली आहे. ती झोपून उठल्यावर भरून येत नाही. परंपरेतून शब्द उचलला आणि नियम मागे ठेवला की काय उरते, याचा नमुना आपल्या पत्रकावर आधीच होता.

देवांविषयी एकच सांगतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ चा. त्याच्या १९८० च्या एका पुस्तकात जगभरच्या देवतांना, त्यांत भारतीय देवताही आल्या, जीवनगुण आणि चिलखताचे आकडे दिले होते. आकडा दिला की खेळाडू तो शून्यावर आणायला निघतो, हा माझा रोजचा अनुभव आहे. २००९ साली प्लेस्टेशन २ साठी हनुमानावर एक खेळ आला, तेव्हा आक्षेप चित्रणापेक्षा या गोष्टीला होता, की देवाला बटणे दाबून नाचवायचे. त्याउलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या 'राजी' या खेळात खेळाडूच्या हाती एक साधी मुलगी असते. देव तिला शस्त्रे देतात आणि तिची कथा सांगतात. देव देणारा असावा, खेळाडूच्या हातची सोंगटी नसावा. आपल्या गटातील उपासकांचा प्रश्न यातून पुष्कळसा सुटेल असे वाटते.

अनुष्टुभ यांच्याशी मात्र एका मुद्द्यावर मतभेद आहे. विनियोग आणि स्वर यांचे त्यांनी केलेले वर्णन सुंदर आहे, पण मंत्र म्हणण्याचा अधिकार कोणाला होता, हे त्यात आलेच नाही. कर्णाने ब्रह्मास्त्रासाठी परशुरामाला आपले कूळ खोटे सांगितले आणि ऐन वेळी विद्या आठवणार नाही असा शाप मिळवला. तुमच्या राज्यात अधिकार जन्माने मिळतो की नाही, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुम्ही ठरवले नाही, तर खेळाडू जुनेच उत्तर गृहीत धरतील.

अनुष्टुभ

कळफलक यांचा आक्षेप मान्य. माझ्याकडून ते सुटले, आणि का सुटले याचा विचार करतो आहे.

शिवेवरून

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. वरची चर्चा ग्रंथांतल्या धर्माची झाली. आमच्याकडे धर्म ग्रंथांत कमी आणि गावऱ्हाटीत, म्हणजे गावाने पाळायच्या रीतीभातीत, जास्त आहे, आणि खेळाला तोच अधिक उपयोगी पडेल.

नवस घ्या. नवस म्हणजे आधी काम, मग मोबदला, असा उधारीचा व्यवहार. बोलताना माणूस अडचणीत असतो, म्हणून आवाक्याबाहेरचे बोलून जातो, काम होते, वर्षे जातात, फेडायचे राहते, आणि पुढे घरात काहीही बिघडले की कोणीतरी म्हाताऱ्या आजीला विचारते, "काही बोलायचे-फेडायचे राहिले आहे का?" नवस वडिलांनी बोललेला असतो आणि मुलाला तो माहीतही नसतो. आपल्या खेळात गुण खर्च करायला लावण्याऐवजी खेळाडूला हवे ते लगेच द्या. फक्त त्याने काय बोलले ते त्याच्याच शब्दांत कागदावर लिहून घ्या आणि कागद कथनकाराकडे ठेवा. पात्र मेले तरी कागद फाडू नका, पुढच्या पात्राच्या नावे करा.

कौल घ्या. देवाच्या अंगावर फुले किंवा पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि उजवी पडते की डावी, हे पाहायचे. यात मौज अशी, की प्रश्न विचारण्याची पद्धत ठरलेली आहे. प्रश्न मोघम असेल, तर उत्तरही मोघम मिळते, आणि काही वेळा पाकळी पडतच नाही. तासभर सगळे हात जोडून उभे. फाशापेक्षा हे कितीतरी चांगले, कारण फासा कधी गप्प बसत नाही.

आणि राखणदार घ्या. आरवलीच्या वेतोबाला भक्त केळ्यांचे घड आणि भल्या मोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या शिवेवरून फेरी घालतो, म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. एका ओळीत केवढी यंत्रणा आहे पाहा: संरक्षणाला हद्द आहे, ते रात्रीचे आहे, ते झिजते, आणि झीज भरून काढणे ही गावाची जबाबदारी आहे. मात्र एक विनंती आहे: वेतोबा हे नाव वापरू नका. माझी आई अजून दरवर्षी तिथे जाते. नियम खुशाल न्या, नाव तिथेच राहू द्या.

सातपुड्याखाली

कोणी काय घ्यावे हे सांगितले. काय घेऊ नये, यावर थोडे लिहितो.

आपल्या पत्रकात 'चेटूक ओळखणे' अशी एखादी विद्या असेल, तर ती काढून टाका. नंदुरबारकडील आदिवासी पट्ट्यात बायकांना डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना घडलेल्या आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, अमुक व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे याचा स्वतंत्र उल्लेख आहे. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर हा कायदा झाला. खेळात डाकीण खरी असली आणि फाशाने ती ओळखता आली, तर त्या जगात आरोप करणारे गाव बरोबर ठरते. कथनकाराचा हेतू कितीही चांगला असो, नियम त्याच्या विरुद्ध बोलत राहतो. तसेच मुरळी किंवा जोगतीण यांना नाचून मोहिनी घालणाऱ्या पात्रांचा 'वर्ग' करू नका. देवदासी प्रथा बंद करणारा कायदा इथे २००५ साली करावा लागला आहे.

त्याऐवजी एक गोष्ट देतो. मी बौद्ध घरातला आहे. आमच्याकडे चमत्काराला स्थान नाही, आणि विनयपिटक या भिक्षूंच्या नियमग्रंथातही त्यांनी गृहस्थांसमोर सिद्धी दाखवू नये असा नियम आहे. पण पाली साहित्यात सत्यक्रिया आहे. अंगुलीमाल हा पूर्वी माणसे मारणारा. भिक्षू झाल्यावर त्याला एक अडलेली बाळंतीण दिसते. "मी जन्मल्यापासून जाणूनबुजून जीव घेतला नाही" असे म्हण, असे बुद्ध सांगतात, तेव्हा तो म्हणतो की हे खोटे होईल. मग "आर्य जन्म घेतल्यापासून", म्हणजे भिक्षू झाल्यापासून, अशी दुरुस्ती होते, तो ते वचन उच्चारतो आणि बाई सुखरूप सुटते. पात्राने स्वतःविषयी एक खरे वाक्य मोठ्याने बोलायचे. वाक्य बोलायला जितके जड, तितका परिणाम मोठा. यासाठी जन्माचा अधिकार लागत नाही, म्हणून कळफलक यांनी काढलेला प्रश्नही इथे येत नाही.

पटावरचा

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बसून वीस गुणांची पट्टी खोडली.

सत्यक्रिया लगेच खेळून पाहिली. तीन खेळाडूंनी पात्राच्या तोंडून वाक्ये सांगितली; चौथा बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, की त्याच्या पात्राविषयी त्याला अजून एकही खरे वाक्य माहीत नाही. पुढच्या बैठकीपर्यंत तो ते शोधून आणणार आहे. कौलासाठी आम्ही ओल्या भिंतीवर शेवंतीच्या पाकळ्या लावून पाहिल्या. शेवंती फार लवकर पडते, तेव्हा दुसरे फूल सुचवावे. चेटूक ओळखण्याची विद्या आमच्या पत्रकात खरोखरच होती. ती काढली आहे. अधिकाराच्या प्रश्नावर मात्र गटात अजून एकमत झालेले नाही. दोघांना जन्माधारित अधिकार मुळीच नको आहे, तर एकाचे म्हणणे असे, की तो ठेवावा आणि मोडणे हीच कथा करावी.

राखणदाराचा नियम नाव बदलून घेतला. पत्रकावर चपलांचे सात चौकोन आहेत, प्रत्येक रात्रीच्या फेरीला एक खोडायचा, आणि सातही संपायच्या आत गावकऱ्यांनी नवा जोड करवून आणायचा. तो जोड शिवणारा कारागीर गावात कुठे राहतो, हे पाहायला आम्ही नकाशा उघडला. देऊळ, वाडा, पाणवठा, बाजार, सगळे काढलेले होते; त्याचे घर आम्ही काढलेलेच नव्हते.