मदत हवी आहे: शाळेच्या ग्रंथालयाचा चार्ज गळ्यात पडलाय, सुरुवात कुठून करू?

माणदेशी_बाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

माण तालुक्यातल्या एका खाजगी अनुदानित शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवते. पाचवी ते दहावी, पट ४१२. ग्रंथपालाचं पद नाही, त्यामुळे ग्रंथालय म्हणजे कुणातरी शिक्षकाचा 'चार्ज'. आधीचे सर मे महिन्यात निवृत्त झाले आणि जूनच्या पहिल्याच सभेत मुख्याध्यापकांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे सरकवला. "बाई, तुम्हाला वाचायची आवड आहेच." झालं.

परिस्थिती अशी. प्रयोगशाळेच्या मागची एक खोली, पाच लोखंडी कपाटं. दाखल नोंदवहीत शेवटचा क्रमांक २८६४. दोन शनिवार घालवून मी पुस्तकं मोजली, ती भरली १९७२. एका कपाटात बदलून गेलेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं आणि गाइडं खच्चून भरलीत. खालच्या दोन फळ्यांना वाळवी. संगणकावर यादी आहे म्हणे, पण ती जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेली. माझ्याकडे उघडली की नुसती चिन्हांची रांगोळी दिसते.

वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक ग्रंथालयाची तासिका आहे. प्रत्यक्षात तो गणिताचा जादा तास असतो. कपाटं बहुधा वाचन प्रेरणा दिनालाच उघडत असावीत, १५ ऑक्टोबरला. मुलं पुस्तक हातात धरून ओळीत बसतात, फोटो निघतो, पुस्तकं परत आत.

मला हे बदलायचंय. पुस्तकं लावू कशी? कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? वर्षाला जेमतेम पाच हजार रुपये मिळतील, त्यात काय घेऊ? त्या तासिकेला मुलांकडून नेमकं काय करून घेऊ? अनुभवी माणसांनी सांगावं. ("वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे" या विषयावर चर्चा नको, कृपया.)

---

सेवानिवृत्त_ग्रंथपाल

बाई, बाकी सगळं राहू द्या. किल्ल्या घेतल्यात, पण चार्ज घेतलात का?

म्हणजे आधीच्या सरांनी आणि तुम्ही मिळून नोंदवहीशी पुस्तकं ताडून, यादीवर दोघांच्या सह्या झाल्या आहेत का? नसतील तर ती ८९२ पुस्तकं उद्या तुमच्या नावावर गहाळ आहेत. मोजणी केलीत हे फार चांगलं झालं. आता तफावतीची यादी दाखल क्रमांकानुसार करा, मुख्याध्यापकांना पत्र द्या आणि कार्यालयातून आवक क्रमांक घालून पोच घ्या. हे झाल्याशिवाय एक पुस्तकही कुणाला देऊ नका.

दुसरं काम निर्लेखनाचं, म्हणजे बाद पुस्तकं नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचं. वाळवी लागलेली, पानं गळालेली, कालबाह्य पाठ्यपुस्तकं आणि गाइडं यांची वेगळी यादी करा. तीनचार शिक्षकांची समिती, पाहणी, ठराव, मग नोंदवहीत लाल शाईने 'निर्लेखित' आणि ठरावाचा क्रमांक. आमच्याकडे असंच करत असू. तुमच्या संस्थेची काय रीत आहे ते मुख्य लिपिकांना विचारा, त्यांना ठाऊक असतं.

वाळवीचं कपाट आजच भिंतीपासून हातभर सरकवा.

---

माणदेशी_बाई

काका, पोटात गोळा आला वाचून. सह्याबिह्या काहीच नाहीत. उद्याच पत्र देते.

---

दशांशचिन्ह

पुण्यात महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पुस्तकं लावण्याबद्दल सांगतो. शिकलेला कुणीही म्हणेल, ड्युई दशांश पद्धत वापरा, म्हणजे विषयाला क्रमांक देऊन पुस्तकं लावा. करून बघा, लगेच गंमत कळेल. ड्युईत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. तुमच्या १९७२ पैकी हजारभर पुस्तकं तरी या तीन आकड्यांत कोंबली जातील. सहावीतल्या मुलाला भुताची गोष्ट हवी असते, त्याला ८९१.४६३ चा काय उपयोग?

दोनतीन हजार पुस्तकांसाठी रंगीत पट्ट्या पुरतात. मणक्यावर खालून दोन बोटं अंतर सोडून चिकटवायच्या. एक रंग चित्रांच्या, कमी मजकुराच्या पुस्तकांना, एक छोट्या गोष्टींना, एक जाड पुस्तकांना, मग चरित्रं, विज्ञान, कविता-नाटक. इयत्तेप्रमाणे मात्र लावू नका. आठवीतल्या ज्या मुलाला अजून जोडाक्षरं अडतात, तो सगळ्यांदेखत 'पाचवी' लिहिलेल्या फळीकडे जाणार नाही.

आणि फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका. वर्षादोन वर्षांत ती पिवळी पडते, सुटते आणि जाताना अक्षरं घेऊन जाते. मैद्याची खळ आणि पातळ कागद बरा. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात कीड लागू नये म्हणून. ते विषारी असतं, मुलांच्या हातात ती वाटी देऊ नका.

---

अटलांटिकपार

मी आयटीत आहे. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरा! मुक्तस्रोत आहे, फुकट आहे, न्यूझीलंडमध्ये तयार झालं आणि जगभर चालतं. नाहीतर आपल्या एनआयसीचं (केंद्र सरकारची संगणक संस्था) ई-ग्रंथालय आहे. बारकोड लावा, स्कॅनर स्वस्त मिळतो. मी दूरस्थ पद्धतीने बसवून देऊ शकतो.

---

दशांशचिन्ह

@अटलांटिकपार, तुमचा हेतू चांगला आहे, पण कोहाला लिनक्सचा सर्व्हर लागतो, बॅकअप घेणारं माणूस लागतं. बाईंच्या शाळेत दुपारी वीज असते का ते आधी विचारा. शिवाय जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नसतोच, त्यामुळे माहिती आपोआप भरली जाणार नाही, प्रत्येक पुस्तक हातानेच चढवायचं. साधी स्प्रेडशीट करा: दाखल क्रमांक, नाव, लेखक, रंग, शेरा. पुढे कधी कोहा घेतलंच तर तीच त्यात ओतता येते.

---

अटलांटिकपार

मान्य. मग निदान ती श्रीलिपीची यादी मला पाठवा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतर होतं. थोडी जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, ते हाताने दुरुस्त करून देतो. शनिवार-रविवारचं काम.

---

मास्तर_८८

सगळे छान छान सल्ले देताहेत म्हणून कडू बोलतो. मीही असाच उत्साहाने कपाटं उघडली होती. दोन वर्षांत ३७ पुस्तकं गेली. बदली होताना किंमत माझ्या पगारातून कापली, वर लेखी खुलासा. तेव्हापासून मी ज्या शाळेत गेलो तिथे कपाटाला कुलूप. मुलांना पाहिजे ते पुस्तक मी वर्गात वाचून दाखवतो. बाई, तुमचं सगळं खरं, पण नोकरी सांभाळा.

---

सेवानिवृत्त_ग्रंथपाल

मास्तर, तुमच्यावर अन्यायच झाला, त्यात वाद नाही. पण ३७ पुस्तकं गेली हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही दिली आणि लिहिली. बाईंच्या शाळेत कुलूप असूनही ८९२ कमी आहेत. ती कुठल्या मुलाने नेली?

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत १९३१ साली छापून आले. त्यातला पहिला, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. आम्ही परीक्षेत तो दहा गुणांसाठी लिहायचो आणि नोकरीत आयुष्यभर उलटं वागायचो. मीही त्यातलाच आहे, उगाच आव आणत नाही.

उपाय कागदावरच आहे. शाळा समितीकडून एक ठराव करून घ्या: देवघेवीत दर वर्षी काही ठरावीक टक्के पुस्तकं फाटणार-हरवणार हे गृहीत धरलं जाईल, त्या मर्यादेत वसुली होणार नाही. आकडा त्यांनीच ठरवू दे. आमच्या संस्थेत हा ठराव व्हायला अकरा महिने लागले, पण झाला.

---

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितेय. लहान मुलांच्या ग्रंथालयात काम करते. (आमच्याकडे बुकवर्म ही संस्था २००५ पासून शाळांमधून हेच करतेय, त्यांचं काम जमलं तर जरूर बघा. मी त्यांची नव्हे.)

तासिकेबद्दल लिहिते, कारण सगळे कपाटाबद्दलच बोलतायत. ४० मिनिटांची तासिका धरा. पहिली दहा मिनिटं तुम्ही मोठ्याने वाचायचं. शिकवायचं नाही, वाचायचं. पुस्तक मुलांकडे वळवून धरायचं, चित्र सगळ्यांना दिसलं पाहिजे. आणि अगदी रंगात आलेली असताना थांबायचं. पुस्तक मिटून टेबलावर ठेवून द्यायचं. त्या पुस्तकाला त्या दिवशी गिऱ्हाईक मिळतंच. चारपाच जण धावले तर चिठ्ठ्या टाका.

पुढची वीस मिनिटं मुलांनी पुस्तकं चाळायची, निवडायची, एकमेकांना दाखवायची. गोंगाट होतो. होऊ द्या. शेवटची दहा मिनिटं देवघेव.

तीन गोष्टी करू नका. तात्पर्य विचारू नका. सारांश लिहून आणायला सांगू नका. आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल बोलू नका. आपण किती पुस्तकं अर्धवट सोडतो! फार तर एकच विचारा, "यातलं कुठलं पान मला दाखवशील?" न वाचलेलं मूलसुद्धा एखादं चित्र दाखवतं, आणि तिथून गप्पा सुरू होतात.

पाच हजारांची पुस्तकं दुकानातून गठ्ठ्याने आणू नका. त्यात हमखास बोधकथा आणि थोरामोठ्यांची ३२ पानी चरित्रं येतात. मुलांची आवड कळेपर्यंत दोन महिने थांबा.

---

रद्दीतले_सोने

फुकट किंवा स्वस्त काय मिळेल ते सांगतो.

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रोजेक्टर असेल तर एखादा जुना अंक भिंतीवर उघडा, मुलांना त्या काळच्या चित्रांचीच मजा वाटते. वर्गणी तर भराच.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत, पातळीनुसार लावलेल्या, एक ते चार. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याच्या आहेत, म्हणजे उतरवून, छापून, श्रेय देऊन वापरल्या तर कुणाची हरकत नाही. जोडाक्षरं अडणाऱ्या मुलांसाठी पहिल्या-दुसऱ्या पातळीच्या वीसेक गोष्टी छापून स्टेपल करा. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली मराठी पुस्तकं अजूनही परवडतात. विषयाच्या माहितीसाठी मराठी विश्वकोश आंतरजालावर खुला आहे, नववी-दहावीच्या प्रकल्पांना बरा.

आणि गावात किंवा शेजारच्या गावात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय असेलच, अ-ब-क-ड कुठल्या तरी वर्गातलं. त्यांनाही वाचक दाखवायचे असतात! महिन्याला ५० बालपुस्तकांची पेटी शाळेच्या नावावर मिळते का विचारा. आमच्या गावात एका चहावर काम झालं.

---

एक_पालक

पेटीला +१. शिवाय सहल काढायचीच असेल तर यंदा भिलारला काढा. पाचगणीजवळचं पुस्तकांचं गाव, तुमच्याच जिल्ह्यातलं. घराघरांत पुस्तकं मांडलेली बघून आमच्या पोराने घरच्या फडताळाला 'दालन क्र. १' अशी पाटी लावली.

---

माणदेशी_बाई

दिवाळीच्या सुट्टीत अपडेट देतेय, उशिराबद्दल क्षमस्व.

पत्राची पोच मिळाली. निर्लेखनाला ३१८ पुस्तकं काढली, त्यातली बहुतेक गाइडं. एक कपाट अख्खं मोकळं झालं, त्याची दारंच काढून टाकली. आता ते उघडं शेल्फ आहे. @अटलांटिकपार, यादी वापरतेय, शतशः आभार. नुकसानीच्या ठरावावर समितीत "पुढच्या सभेत बघू" झालंय. म्हणजे काका, अजून दहा महिने धरायचे!

गणिताच्या सरांनी फक्त सहावी आणि आठवीची तासिका परत दिली. तेवढ्यावर सुरू केलं. पहिल्या आठवड्यात मी गोष्ट मध्येच थांबवली तर सहावीची मुलं चिडली, "बाई, हे बरोबर नाही." दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिघी जणी दाराशी हजर.

देवघेवीची वही आठवीतला एक मुलगा सांभाळतो. वर्गात त्याचा आवाज ऐकू येत नाही, इथे "तुझं मागचं कुठंय?" असं दहावीच्या मुलांना दरडावतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे, पुस्तकं बाहेर जायला लागली तशी जुनीही परत यायला लागली. एका मुलीने आत्याच्या ट्रंकेतून शाळेच्या शिक्क्याची दोन आणून दिली. गहाळ यादीतल्या ८९२ पैकी आत्तापर्यंत १४ परत आलीत. पाच हजारांतले दोन हजार अजून हातात आहेत, भुतांच्या गोष्टी शोधतेय.

आता नवाच प्रश्न. सहावीतली एक मुलगी जाड कादंबऱ्या नेत होती, दर आठवड्याला एक. मला वाटलं, केवढी वाचते. काल हळूच म्हणाली, "बाई, त्या आईसाठी असतात." आईचं शिक्षण सातवीत सुटलेलं. द्यायला माझी ना नाही, पण नोंद कुणाच्या नावावर करू? वहीत पालकांचा रकाना नाही.

---

मास्तर_८८

मुलीच्याच नावावर ठेवा. तपासणीत कुणी विचारणार नाही.

---

सेवानिवृत्त_ग्रंथपाल

नको मास्तर. बाई, वहीच्या शेवटच्या पानापासून उलट्या बाजूने नवी नोंद सुरू करा. वर 'पालक वाचक' लिहा, पहिला क्रमांक त्या आईला द्या, आणि नाव तिचं तिलाच लिहू द्या.